तबकडीला हात कोण लावतंय?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझ्या खणातल्या तबकड्या कुणीतरी हलवल्या आहेत. मी त्या नेहमी खडबडीत बाजू वर करून ठेवते. आज दोन पालथ्या होत्या. टाकीवाल्याला विचारलं – प्रयोगशाळेतली पाण्याची मोठी टाकी तोच सांभाळतो – तर म्हणतो, "ताई, तुम्हीच ठेवल्या असतील हो." मी! मी घरातला मिठाचा डबासुद्धा डोळे मिटून काढते. माझ्या वस्तू माझ्या जागेवर असतात.

नवी मुलगी आल्यापासून हे सुरू झालंय. आधी दुसऱ्या प्रयोगशाळेत होती. तिथेही हेच काम, ध्वनीला आकार द्यायचं. मग ते सोडून इथे का? सर म्हणतात, "शिकायला आलीय." शिकायला! बोलते अर्धं, गिळते अर्धं. पायात कसलेसे मऊ तळाचे बूट, पाठीशी येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही. आज वळून बघते तर माझ्या खांद्याआडून स्क्रीनकडे बघतेय! "सॉरी ताई," म्हणाली आणि गेली. तशीच, आवाज न करता.

मांजर. आजपासून तिचं नाव मांजर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादाच्या डोक्याचा स्कॅन झाला. आत जाताना डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "डोकं सापडलं तर मलाही दाखवा, घरी कुणाचा विश्वास नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही. सही करताना त्याचा हात कागदभर उड्या मारत होता.

जन्मभर लोकांचे केस कापले, दाढ्या केल्या. ज्या हाताने तान्ह्या मुलांची जावळं काढली, तो हात आता कप उचलत नाही. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. गिऱ्हाईक बिचारं काही बोललं नाही, दादाच रडला. दुकान बंद. तरी रोज सकाळी जातो, आरसे पुसतो, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत थोडा बसतो आणि परत येतो. वहिनी म्हणते, "जाऊ दे त्यांना. घरात बसले तर माझे आरसे पुसतील."

आता सगळं माझ्या तबकडीवर आहे. मेंदूत खोल, तांदळाच्या दाण्याएवढी एक जागा असते. ती नेमकी तापवली की हात थांबतो. कवटी उघडायची नाही, बाहेरूनच अल्ट्रासाउंड सोडायचा. पण हाड कुठे जाड, कुठे पातळ. त्यातून जाताना ध्वनी विस्कटतो, भलतीकडेच पडतो. म्हणून तबकडी. दादाच्या कवटीचा नकाशा घ्यायचा, हाड कसं विस्कटणार ते आधीच मांडायचं, आणि त्याच्या बरोब्बर उलटा ध्वनी घडवणाऱ्या टेकड्या-दऱ्या प्रिंटरवर रेझिनच्या, प्लॅस्टिकसारख्या, छापायच्या. तळहाताएवढी पारदर्शक चकती. ध्वनीचा होलोग्राम. अशा तबकड्या मी तीन वर्षं करतेय. माणसावर लागणारी ही पहिली, आणि माणूस कोण – दादा!

सर म्हणाले, "तुझा भाऊ, तूच कर. तुझ्याइतकं डोळ्यात तेल घालून दुसरं कोण करणार?"

जागा चुकली तर? त्या दाण्याच्या शेजारीच बोलणं आहे, पायाचं बळ आहे. डॉक्टरीणबाई आधी हलकं तापवून बघणार आहेत म्हणा. तरी कवटीचा नकाशा मी दोनदा तपासणार. हे दादाला सांगितलेलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वर्तमानपत्राची घडी रोज उलटी असते. शेजारचे आधी वाचतात आणि मग आमच्या दारात सरकवतात, मला पक्कं ठाऊक आहे. वहिनी म्हणाली, "वाचेनात का, झिजतंय थोडंच!"

या बाईला कशाचंच काही वाटत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

बसली! पहिल्या फटक्यात बसली!

टाकीत दादाच्या कवटीची छापील प्रत ठेवली, वर तबकडी, त्यावर ध्वनी सोडणारी वाटी. आत बारीक सुईसारखा मायक्रोफोन फिरवला. आम्ही त्याला कान म्हणतो. ध्वनी हवा होता तिथेच गोळा झालेला, दाण्याएवढा. टाकीवाल्याने शिट्टी मारली. मी टेबलाखाली हात धरून बसले, थरथर दिसू नये म्हणून. म्हटलं, घरात एक पुरे.

आणि मागून आवाज – "ताई, याची फाइल मला बघायला मिळेल का?" आली का! अजून पाणीसुद्धा स्थिर झालं नव्हतं. "कशाला?" विचारलं तर म्हणे, "तुम्ही कवटीच्या कडा कशा धरता ते समजून घ्यायचंय." समजून घ्यायचंय आणि तिकडे नेऊन द्यायचंय. सरांनी तिथल्या तिथे तिला फाइल पाठवून दिली. हा माणूस कुणालाच नाही म्हणत नाही. उद्या दारावरच्या माणसाने मागितली तर त्यालाही देतील.

फाइल गेली ती गेली. पण तबकडी मी आता खणात ठेवणार नाही. कोपऱ्यात ती निळी बादली आहे ना, टाकीत भर घालायच्या पाण्याची? तिच्या तळाशी ठेवली, वर फडकं. पारदर्शक वस्तू पाण्यात गेली की असून नसल्यासारखी! शिवाय आणखी एक सोय. कोरडी तबकडी ऐन वेळी पाण्यात घातली की तिला बारीक बुडबुडे चिकटतात आणि ध्वनी अडतो. एकेक ब्रशने काढत बसावं लागतं. सतत ओलीच असली तर ती कटकट नको. इतकी वर्षं हे मला सुचलं कसं नाही?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वहिनीने विचारलं, "रोज काय गं लिहीत असतेस?" काही नाही म्हटलं. वहीची जागा बदलली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सरांना दाखवायची म्हणून तबकडी पुन्हा मोजली. ध्वनीचा दाणा जागेवर नाही. मिलिमीटरभर डावीकडे सरकलेला!

पाण्याचं तापमान बघितलं. ठीक. कान तपासला, ठीक. छापील कवटी हलली नव्हती. टाकीवाल्याने सगळं उलटंपालटं करून पुन्हा लावलं. दाणा तिथेच, डावीकडे. सर म्हणाले, "पहिल्यांदाच मोजण्यात चूक झाली असेल." पहिल्यांदा चूक झाली असती तर मला कळलं असतं. माझा भाऊ आहे तो, भोपळा नाही.

एकच शक्यता. ही माझी तबकडी नव्हे. कुणीतरी तशीच, पण वाईट, दुसरी ठेवून दिलीय. फाइल कुणाकडे गेली होती? मी नाव घेत नाही.

आज दुसरी छापली. मोजली, बरोब्बर. कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आता बदलून दाखव म्हणावं!

बादलीत ठेवली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दादाला डोक्याभोवतीच्या चौकटीचं माप द्यायला बोलावलं होतं. मांजर त्याला बघून एकदम फुलली. "दादा, तुम्हाला एक गंमत दाखवू?" – माझा दादा, हिचाही लगेच दादा! त्याला छोट्या टाकीपाशी नेलं. पाण्यात पांढरी पूड सोडली, खालून ध्वनी सुरू केला. पूड हलली, भरकटली, आणि पाण्यातल्या पाण्यात कात्री उभी राहिली. चक्क कात्री! बोटं घालायच्या दोन कड्यांसकट. तिने त्याच्यासाठी मुद्दाम तबकडी छापली होती.

दादा खुळ्यासारखा बघत राहिला. बंद केलं की पूड खाली बसायची, सुरू केलं की परत कात्री. त्याने चार वेळा करायला लावलं. "धरणारं कुणी नाही आणि कात्री बघ कशी स्थिर!" म्हणाला. मग तिच्या हातावर हात ठेवला, आणि त्याच्या हाताबरोबर तिचाही हात हलायला लागला. तिने काढून घेतला नाही.

घरी येताना वाटभर कात्रीवालीचंच कौतुक. "पोरगी चांगली आहे गं."

"तुला सगळेच चांगले."

"आणि तुला?"

माणसाला लोणी लावायचं तर आधी त्याच्या भावाला लावतात, एवढं मला कळतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सरकली! दुसरीही सरकली!

आणि ठिपका जागेवर. माझा लाल ठिपका, माझ्याच ब्रशचा ओघळ, सगळं तसंच. म्हणजे बदललेली नाही. मग केलं काय? तासली? तापवली? भिंगाखाली धरून अर्धा दिवस बघितलं. एक ओरखडा नाही. पण चोर हुशार असला म्हणजे ओरखडा राहत नाही. पाणी कुठंतरी मुरतंय हे नक्की.

टाकीवाला म्हणतो, "ताई, तबकडीला पाय फुटले असतील." हसण्यावारी नेतो मेला. दोघं मिळून तर नाहीत ना?

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज माझ्या कानांनी ऐकलं. जिन्याच्या वळणावर मांजर फोनवर बोलत होती. मी वरच्या पायरीवर होते. तिला दिसत नव्हते. शब्द न् शब्द लिहून ठेवते – "नाही, अजून कुणाला सांगितलं नाही... आधी खात्री करते... त्यांना कळलं ना, तर माझी काही धडगत नाही."

त्यांना म्हणजे मला. दुसरं कोण आहे इथे, ज्याला कळल्यावर कुणाची धडगत नसते? एवढं सगळं डोळ्यांसमोर चालू आहे आणि सर तिला चहा विचारतात!

सरांच्या खोलीत गेले, सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "अगं, घरी बोलत असेल. आईशी वगैरे." मग म्हणाले, "तू दमली आहेस. दादाचं काम दुसऱ्या कुणाकडे देऊ या का?"

म्हणजे तिच्याकडे! हेच तर हवं आहे.

नाही म्हटलं. दादाच्या डोक्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तिसरी तबकडी. छापल्या दिवशी बरोब्बर. बादलीत. फडक्याची घडी मोजून मापून घातली, कुणी उचललं तर कळावं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जेवताना दादाच्या हातातून भांडं सुटलं. पाणी माझ्या मांडीवर. तो "माफ कर, माफ कर" म्हणत पुसायला लागला, आणि पुसतानाच आणखी सांडलं. वहिनी उठून आत गेली. आत जाऊन काय करते ते मला माहीत आहे. नळ सोडते आणि रडते.

मी म्हटलं, "दादा, थोडेच दिवस."

"तुझी ती तबकडी नीट आहे ना?"

"आहे."

खोटं बोलले. त्याच्याशी मी कधी खोटं बोलत नाही. हे कुणामुळे बोलावं लागलं? ते मी विसरणार नाही.

सोमवार, ३ मार्च

पकडली! रंगेहाथ पकडली!

जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम डबा घेऊन बाहेर गेले आणि अर्ध्या वाटेतून परतले. मांजर बादलीपाशी उकिडवी बसलेली. फडकं बाजूला, बाही कोपरापर्यंत वर, आणि हातात माझी तबकडी. कोरड्या कापडाने टिपत होती! बाळाचं अंग पुसावं तशी.

मी एवढ्या जोरात ओरडले की टाकीवाला पळत आला. ती उभी राहिली. तोंडावरचा रंग उडालेला. "ताई, मी फक्त कोरडी करून बघत होते –"

"काय बघत होतीस?"

"मला अजून खात्री नाही... खात्री झाली की मी सांगणारच –"

परत खात्री! मी तिचा खण उघडला. उघडायला नको होता, पण उघडला. आत कापूस घातलेल्या डब्यात दुसरी तबकडी. दादाची! त्याच टेकड्या, त्याच दऱ्या. माझी फाइल छापून घेतलेली प्रत!

"ही कशाला?"

"तुलनेसाठी."

"कशाची तुलना? कुणाबरोबर?"

तेवढ्यात सर आले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, माझ्याकडे बघेना. डोळे भरलेले. मीही रडत होते, पण माझं रडणं रागाचं होतं. ज्या वस्तूवर माझ्या भावाचा मेंदू टांगलेला आहे, तिच्याशी ही खेळते? हे मी सगळ्यांसमोर बोलले. आणखीही बोलले. तिच्या जुन्या जागेबद्दल, तिच्या बुटांबद्दलसुद्धा. बुटांचं काय काढलं कोण जाणे!

सरांनी ती प्रत आपल्या कपाटात कुलपात ठेवली.

माझी तबकडी मोजली. सरकलेली. आता तरी पटलं ना?

बुधवार, ५ मार्च

सर दोन दिवस मधला रस्ता शोधत होते. "तिचं म्हणणं एकदा शांतपणे ऐकून घे. तिला तबकडीबद्दल काहीतरी शंका आहे म्हणते." शंका तिला आहे! तिला! मी म्हटलं, सर, ती तरी राहील किंवा मी तरी. दादाची तारीख आठवड्यावर आली आहे. ठरवा.

त्यांनी ठरवलं. ते नेहमी सोपं तेच ठरवतात.

तिने टेबल आवरलं. फारसं काही नव्हतंच. एक कप, एक ब्रश, खुर्चीवर टाकायची शाल. दाराशी माझ्यासमोर थांबली. "ताई, एकच, ती बादली –"

"पुरे," मी म्हटलं.

गेली. टाकीवाल्याने आज माझ्याकडे बघून एकही विनोद केला नाही. वाईट वाटलं का मला? नाही वाटलं. थोडं वाटलं. पण दादाच्या हातापुढे मला दुसऱ्या कुणाचं वाटून घ्यायला वेळ नाही.

गुरुवार, ६ मार्च

चौथी तबकडी छापली. कवटीत मोजली. बरोब्बर जागेवर, केसाचाही फरक नाही. सर म्हणाले, "सुटलो. आता पुन्हा पुन्हा मोजत बसू नकोस. बुधवारी सरळ वर पाठव." वर म्हणजे वरच्या मजल्यावर, डॉक्टरीणबाईंकडे.

बादलीत ठेवली. आता कुणापासून लपवायचंय? कुणीच नाही. पण बुडबुड्यांसाठी बरं. आणि खरं सांगायचं तर ती तिथे आहे म्हटलं की माझा जीव शांत असतो.

किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलंय! येताना वहिनीसाठी फुलं घेतली. ती म्हणाली, "काय गं, काही पाप-बिप केलंस का?"

रविवार, ९ मार्च

दादाच्या डोक्यावरचे केस काढायचे होते, ध्वनीच्या आड केसही नको. रुग्णालयात काढून देतात, पण हा ऐकेना. "माझ्या डोक्याला परका वस्तरा? लोक काय म्हणतील!" मग तिघंही दुकानात गेलो. शटर अर्धं वर. तो स्वतःच्या खुर्चीत बसला, गिऱ्हाइकाच्या, आणि वस्तरा दिला वहिनीच्या हातात. तिने आयुष्यात बटाट्याशिवाय काही सोललेलं नाही.

आरशातून तो हुकूम सोडत होता. "कातडं ताण आधी. असं नाही, अंगठ्याने. खालून वर नको, वरून खाली. अगं, घाबरतेस काय, डोकं माझं आहे!" वहिनीच्या कपाळाला घाम. मी टॉवेल धरून उभी. मध्येच वहिनी म्हणाली, "लग्नात हे डोकं असं दिसलं असतं तर मी मांडवातूनच परत गेले असते." दादा इतका हसला की तिला वस्तरा वर धरून थांबावं लागलं.

मग पुसून झालं. त्याने हात वर नेला, डोकं चाचपायला. हात नेहमीसारखा उडत उडत गेला, कानावर आपटला, गालावर आपटला. शेवटी वहिनीने तो मनगटाला धरला आणि त्याच्या टाळूवर ठेवला.

हे डोकं मला माझ्या डोक्याहून जास्त पाठ आहे. कुठे हाड किती जाड, कुठे खोलगट, सगळं. पण त्याला हात लावला तो आज पहिल्यांदा. गरम होतं.

मंगळवार, ११ मार्च

उद्या सकाळी. दादाला आजच वर दाखल केलं. मी सोडायला गेले तर खोलीत सगळीकडे बघून म्हणाला, "आमची कात्रीवाली कुठंय? तिला सांगून ठेव, हात थांबला की पहिली कात्री तिच्या केसांना लावणार. फुकट!"

रजेवर आहे म्हटलं.

"रजेवर? माझ्या दिवशी?" जरा हिरमुसला. मग म्हणाला, "मागे मला फोन करून विचारत होती, तारीख कधी, किती वाजता. म्हटलं, तुझ्या ताईलाच विचार की! तर म्हणाली, ताईंना भीती वाटते विचारायला."

दादाला फोन? हिने? कशाला? तारीख कशाला हवी होती तिला? येताना जिन्यात दोनदा थांबले. आता ती नाही, काही करू शकत नाही. तरी मनाला चैन पडेना. सर नको म्हणाले असले तरी उद्या लवकर जाऊन एकदा मोजणार. दादाला आत घ्यायच्या आधी.

बुधवार, १२ मार्च, सकाळ

लगेच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मीच मला वेगळं काहीतरी पटवून देईन.

टाकीवाल्याला घरून बोलावलं. चौथी तबकडी बादलीतून काढली, मोजली. दाणा जागेवर नाही. मिलिमीटरभर डावीकडे. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

ती इथे नाही. आठवडाभर नाही. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे, फडक्याची घडी माझीच. या तबकडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

मी तिथेच फरशीवर बसले. टाकीवाला शेजारी उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "ताई, सरांच्या कपाटातली ती दुसरी लावून बघू का?" सर आलेच होते. कुलूप काढलं. कापसातली ती कोरडी प्रत, ऐन वेळी पाण्यात घातली, बुडबुडे ब्रशने काढले, लावली. बरोब्बर. केसाचाही फरक नाही. इतके दिवस डब्यात पडून, आणि जागेवर!

फाइल एक, प्रिंटर एक, रेझिन एक. फरक एकच. तिची कोरडी राहिली, माझी दिवसन् दिवस पाण्यात. हे रेझिन तासाभराने काही पाणी पीत नाही. दिवस गेले की पितं, फुगतं, मऊ पडतं. मग ध्वनी त्यातून वेगळ्या चालीने जातो आणि दुसरीकडे जाऊन पडतो. बादलीच्या आधी माझी एकही तबकडी कधी सरकली नव्हती. एकही! चोर येऊ नये म्हणून मी ती लपवली, आणि लपवली म्हणून ती बिघडली, आणि बिघडली म्हणून मी चोर शोधला.

"कोरडी करून बघत होते." "तुलनेसाठी." "खात्री झाली की सांगणारच." सगळं तर सांगत होती ती. माझ्या तोंडासमोर सांगत होती.

वर पळत गेले. दादाला चौकट बसवायला घेतली होती. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, थांबवा. आज नाही. दादा चौकटीतून डोळे वळवून म्हणाला, "काय झालं गं?" मी त्याचा उडणारा हात धरला आणि खरं ते सांगितलं. सगळं. त्याने ऐकून घेतलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तिला फोन केलास का?"

त्याच दिवशी, दुपारी

फोन लावला. बराच वेळ वाजला. मला वाटलं, उचलणार नाही, आणि का उचलावा? मग उचलला. मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण नुसतं "मी बोलतेय" एवढंच तोंडातून निघालं.

तिकडून एकदम श्वास घेतल्याचा आवाज. आणि मग घाईघाईने, रडवेल्या स्वरात – "ताई, दादांना आत घेतलं नाही ना अजून?"